कलम सात

डोंगव्हानच्या पोलीस चौकीत मी दुभाषी,
फेरीला दोन लाख डोंग, चहा वेगळा.

पाहुण्याचा हात गळ्यात,
पासपोर्ट थोआबाईंच्या खणात.
तो विचारतो, माझे हक्क काय?

मी करार वाचते. कलम सात :
ओरखडा, आरसा, क्लचची दांडी,
ज्याचा त्याचा दर लिहिलेला.
परवाना याचा मोटारीचा;
विम्याने तिथेच अंग काढलं.
पासपोर्ट अडवून ठेवता येत नाही, हेही सांगते
जरा हळू आवाजात.
थोआबाई बघतात.
त्यांच्याच दुकानावरून घरी जायचंय मला.

दाराशी सुंग म्यी उकिडवी बसलीय,
गुडघ्याला फडकं,
पायाशी चेचलेला मका.
तिची ह्मोंग बोली मला अर्धीमुर्धी येते.
केव्हाची काहीतरी विचारतेय.
‘टोपली’ एवढाच शब्द कळला.

कलम सातात तो नाही.