तिसरं घर

जेई साहेबांची बदली चंद्रपूरला झाली.
गिटार सबस्टेशनवरच राहिली,
"निंभोरकर, टेम्पोत जागा नाही, पहा तुम्हीच."

बावीस वर्षं लाइनमन आहे मी.
तार दिसली की हात आधी मागे जातो.
या सहा तारांत करंट नाही, ठाऊक असूनही
पहिल्या रात्री टेस्टर लावून पाहिला,
मग स्वतःशीच हसलो.

अप्रेंटिस प्रज्वल सांगतो,
"काका, तीन बोटं तीन घरात,
बाजूच्या तारेले शिवायचं नाई."
मला सांगतो!
उभा जन्म तेवढंच तर पाळलं.
पण बोट जाड. शेजारची तार मुकी होते,
नाहीतर खडखडते, टिनावर तुरी सांडल्यागत.

हातमोज्यात वाढलेली शेंड्यांची कातडी
अजून कोवळीच निघाली.
चार दिवस भाकर मोडवेना.
"या वयात?" एवढंच म्हणाली कुसुम,
आणि तेलाची वाटी पुढे सरकवली.

रात्री मोठा ट्रान्सफॉर्मर घुमतो.
सगळ्यात जाड तारेवर, तिसऱ्या घरात
तोच आहे, जरासा उतरलेला.
इतकी वर्षं ऐकत होतो,
तो सूर आहे हे माहीत नव्हतं.

काल अडीचला वरूनच लाइन गेली.
घुमणं थांबलं.
अंधारात तिसरं घर दाबून
मी त्याची जागा धरून बसलो.
लोणीहून फोन, ओलितावर मोटर बंद पडलेली:
"काऊन गेली जी लाइट?
अन् हे काय वाजून रायलं तिकडे?"

म्हटलं, "काही नाई बापा,
तार ढिली हाय."