रेंजचा दगड

सेमोन्कोंगच्या वर, मेंढवाड्यामागे
एकाच दगडापाशी फोनला रेंज येते.
मंगळवारी माखोत्सो तिथे उभी राहते,
पाठीवर घोंगडीत बांधलेला खोत्सो.

मेसेज कालचाच:
बाळाला चमचा द्या, वाजवू द्या.
तो वाजवेल तसं तुम्हीही वाजवा.
घरात चमचा एकच.

मग मासेरूहून न्थातीबाईंचा फोन.
"वाजवलंत?"
"डब्याचं झाकण वाजवलं मी."
"छान. आणि तुम्ही? जेवलात?"

नवरा खाणीवर गेला, त्याला हा दुसरा हिवाळा.
ती गप्प.
वारा फोनमध्ये शिरतो.
पलीकडे बाई थांबतात, बॅलन्स जात राहतो.

खांद्यावरून हात काढून
खोत्सो फोनच्या पाठीवर नख वाजवतो,
टक. टक.

जरा वेळाने
पलीकडूनही,
टक. टक.