वीस हजार थेंब

थेंबे थेंबे तळे साचते, खरे आहे.
विबेकेचे काम उलटे:
तळ्याचे थेंब करायचे.
आऱ्हुसच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकी उत्तरेला,
दोन चमचे रक्त, त्यावरचे पिवळसर पाणी,
पाण्याचे वीस हजार थेंब, तेलात सुटे सुटे;
मग यंत्र एकेकाला विचारते,
तुझ्यात आहे का तो?
निरोगी हिरवे उजळतात.
तो असेल तिथे निळे.

नळीवर नाव नसते. चारशे सतरा.

जानेवारीत बावन्न निळे.
मग किरणांचे पाच आठवडे, सकाळ-संध्याकाळ गोळ्या,
एप्रिलमध्ये नऊ.
जूनमध्ये दोन.
दोन म्हणजे काय? यंत्रही कधी उगाच उजळते.
तिने पुन्हा लावले. दोन.
डबा घरून आणला होता, तो न उघडताच परत नेला.

ऑगस्टमध्ये एकही नाही.

इकडे लिमफ्योर्डच्या काठी
टोर्किल्ड शिंपले काढतो, एकसष्टाव्या वर्षीही.
सर्जन म्हणाली, दुर्बिणीत गाठ दिसत नाही,
चित्रातही फक्त वण.
कापू शकतो; मग पोटावर पिशवी, कायमची.
किंवा थांबू, दर तीन महिन्यांनी बघू.
"पिशवीशी माझे भांडण नाही," तो म्हणाला,
"पण जाळे ओढताना वाकायचे कसे?"

आस्ताने चाळीस वर्षे सहकारी दुकानाचा गल्ला मोजलाय.
तिने विचारले, "शून्य म्हणजे नाही,
की दिसले नाही?"

सर्जनने पेन खाली ठेवले.
"दिसले नाही," ती म्हणाली. "ज्यांचे असे येते,
त्यांच्यात पुष्कळ जण बरे राहतात.
सगळे नाही. तुम्ही कोणात, ते कागद सांगत नाही."

घरी येताना दोघे बोलले नाहीत.
फेरीवर आस्ताने त्याच्या कोटाचे सुटलेले बटण
खिशात टाकले, शिवू नंतर.

पहाटे चारला तो बोटीवर.
ओंजळभर शिंपले फळीवर ओतून
उघड्या तोंडाचा एक उचलतो,
बोटाच्या पेराने टिचकी मारतो:
मिटला तर जिवंत.
थांबतो.
शिंपल्याला वेळ लागतो कधी कधी,
थंडी असली की जास्तच.
तो अजून थांबलेला.

नोव्हेंबरात पुन्हा नळी.