शंभरात एक

अमरावती रोड, विभागाची गच्ची.
मे महिन्यातली फरशी रात्री साडेनऊलाही तळवे भाजते.
उत्तरेला कोराडीचा उजेड; तिकडचे तारे
आम्ही केव्हाच सोडून दिलेत.

आज लोकांसाठी गुरू. रांग जिन्याखालपर्यंत.
"मॅडम, काहीच दिसून नाही राह्यलं,"
दुर्बिणीला मिटलेला डोळा लावून एक पोरगा.
मी त्याचा दुसरा झाकते.

गोळीबार चौकातले हेडाऊकाका गुरूपाशी रेंगाळत नाहीत.
लॅपटॉपवर माझा आलेख बघतात.
अकरा रात्रींचे ठिपके, मधे एक खळगा.
ग्रह आडवा गेला, मी सांगते,
की ताऱ्याचा उजेड शंभरात एक भाग उणा होतो.
ग्रह दिसत नाही. उणं तेवढं दिसतं.

ते काचेवरून बोट फिरवतात,
चाळीस वर्षं मागावर बसलेलं बोट.
"शंभरात एक? म्हंजे धागा तुटला.
थे त हाताले समजते, बाई."

खळगा धुराचाही असेल.
हे मी त्यांना सांगितलं नाही.

एक वाजता इद्रीस कुलूप घेऊन वर येतो.
दुर्बिणीवर कापड ओढताना
माझं बोट एका जागी अडतं.
टॉर्च मारून बघते:
नुसता डाग.