तर्जनी

डार्लीन हकबी तीस वर्षं शाळेची बस चालवायची.
आता दर शनिवारी, ईनिड गावाबाहेर,
धान्याच्या कोठारांमागे, पत्र्याच्या शेडमध्ये
आम्हा सहा जणांना पिस्तूल शिकवते.
पहिल्या दिवशी म्हणाली, हे बोट सरळ.
चापावर नाही, चापाच्या वाटेवरही नाही.
नेम ठरेपर्यंत बाहेर, अंगाला चिकटून.

मला हसू आलं.
या बोटाला आमच्याकडे तर्जनी म्हणतात,
धाक घालणारी.
कऱ्हाडला औषधाच्या दुकानात मी उमेदवारी केली,
तिथले तिखेकाका दुपारी गिऱ्हाईक नसताना माळ ओढत.
मण्याला मधलं बोट, अंगठा;
तर्जनी मात्र ताठ, बाजूला, पंगतीबाहेर बसवल्यासारखी.
का हो काका?
तिला लागलं की जप बाटतो, म्हणाले,
आणि क्रोसिनची पट्टी कापायला उठले.

मार्चमध्ये तो आला, रात्री सव्वाअकराला.
पोलिसांनी चेहरा विचारला. आठवेना.
उंची विचारली. दाराएवढी, म्हणाले.
आठवत होतं फक्त बोट:
नख कुरतडलेलं, कडेला वाळलेलं रक्त,
आणि पूर्ण आत, चापावर.
त्याला हव्या होत्या त्या गोळ्या मी दिल्या.
मोजून दिल्या, पाच पाच करून.
सवय.
तो ओरडत होता, मी पासष्ट म्हणत होते.

वेंडेल नावाचा एक रोपवाटिकावाला आमच्या वर्गात होता.
हसत वळला, नळी माझ्या पोटाकडे:
रिकामी आहे हो!
डार्लीनने काही न बोलता त्याच्या हातातून ती काढून घेतली
आणि त्याला त्याच्या गाडीपर्यंत सोडून आली.
परत येऊन म्हणाली,
रिकामी असं काही नसतं.
तीस वर्षांत माझ्या बसमध्ये एकही पोर झोपलेलं राहिलं नाही.
दर फेरीनंतर मी शेवटच्या सीटपर्यंत चालत जायची.
माहीत असलं तरी.

मुक्ताच्या मैत्रिणीच्या आईचा फोन येतो.
शेंगदाणे चालतात का विचारावं त्या सुरात विचारते:
घरात बंदूक आहे? कुलपात असते?
आहे. असते.
गोळ्या वेगळ्या डब्यात,
किल्ली गळ्यात, मंगळसूत्राच्या वाट्यांना घासत.
थँक यू, म्हणते ती. मग पोहण्याचे कपडे द्यायला सांगते.

आईला अजून सांगितलेलं नाही.
परवा बोलता बोलता तोंडून गेलं,
गोळ्या मोजून ठेवते आणि मग झोपते.
तिला वाटलं दुकानातल्या.
म्हणाली, घरी तरी काम आणू नकोस गं.

आल्हाद विचारतो,
एवढ्या कुलपांतून वेळेला हाती येईल का?
अकरा सेकंद लागतात. अंधारात मोजलेत मी.
चोर तेवढा थांबेल का, माहीत नाही.
मुक्ताला लपाछपीत किती सेकंद लागतात तेही मोजलंय.
तो गप्प बसतो. मीही.
त्या कपाटापाशी आला की त्याचा आवाज अजून खाली येतो,
आत कुणी आजारी असल्यासारखा.

दुकानात शस्त्र आणायचं नाही, कंपनीचा नियम आहे.
बरं आहे, म्हणते मी. कधी कधी खरंच म्हणते.
काल रात्री, अकरा वाजून गेलेले,
एक म्हातारा काउंटरशी आला आणि
त्याचा हात कोटाच्या आत गेला.
माझ्या हातात काहीच नव्हतं.
काउंटरखाली, लाकडाच्या कडेला,
माझी तर्जनी आपोआप सरळ झाली,
ताठ, बाहेर,
नसलेल्या लोखंडाला चिकटून.

त्याने चष्म्याचं घर काढलं.
चिठ्ठी वाचता येत नव्हती त्याला.
मी बोट वाकवलं. ते लगेच वाकलं नाही.
मग मोजायची पट्टी उचलली:
पाच, दहा.
त्याने चष्मा लावला
आणि माझ्याबरोबर मोजू लागला.