बीड, जिल्हा नव्हे

पोस्टरवर खाली बारीक अक्षरांत छापायचो :
बीड म्हणजे धातू. जिल्हा नव्हे.
तरी गॅदरिंगचा सूत्रसंचालक विचारायचाच,
‘तिकडून एवढ्या लांब आलात, जेवलात का?’
आणि इलियास माईक ओढून म्हणायचा,
‘उद्यमनगरातनं आलोय. सायकलवरनं.’

इलियास शिकलगार गायचा. म्हणजे ओरडायचा.
बापाच्या चाकावर कात्री धरली की जो आवाज निघतो
तो त्यानं गळ्यात उतरवून घेतला होता.
आणि मधेच, कुणाला न सांगता,
पोर निजवावं इतकं हळू.
त्या हळूची आम्हाला भीती वाटायची.
गिटारवर सुकुमार उपाध्ये. घरी कांदा-लसूण नाही,
इथं तारा दीड सूर खाली सोडलेल्या.
ड्रमवर दिगंबर आवळे. आजा हलगीवाला, चुलते हलगीवाले,
हा घरातला पहिला, ज्याला बसून वाजवायचं होतं.
मी बेस.
बेस ऐकू येत नाही, नसला की कळतो, म्हणतात.
मी एकदा नव्हतो. कळलं नाही.

शेड चौगल्यांच्या फाउंड्रीमागची.
दिवसा तिथं साचे, काळी वाळू, पंपांच्या बॉड्या.
रात्री आम्ही, आणि तीच वाळू दाताखाली.
चौगलेमामा कुलूप काढून देताना म्हणायचे,
‘पोरांनो, बीड वाकत नाही. पडलं की फुटतं.
नाव झकास हाय, पण जपून.’

दोन हजार सहा. लोडशेडिंगचं वेळापत्रक भिंतीला लावून
अकरा गाणी रेकॉर्ड केली.
तिसऱ्या गाण्यात, सातव्या मात्रेला,
दिगंबरची काठी मोडली.
एक मात्रा मोकळी गेली.
नीट ऐकलं तर तिथं शेजारच्या भट्टीचा पंखा आहे.
लाईट जायला चार मिनिटं होती, ठेवलं तसंच.
मग ती चूक पाठ केली.
दर कार्यक्रमात तिथं थांबायचो,
चौघंही, हात हवेत,
समोर वीस-बावीस माणसं आणि एक चहावाला.

तीनशे सीड्या. खपल्या एक्केचाळीस.
पुण्याहून एकाचं पत्र आलं :
फार वेगळं आहे, पण मराठीत कशाला?
उरलेल्या सुकुमारच्या भावानं शिरोळला
शाळूच्या रानात दोरीला बांधल्या, पाखरं उठवायला.
लखलखायच्या. एवढा उजेड
आमच्यावर एरवी कुणी टाकला नव्हता.

फुटलो नाही आम्ही. मामांचा अंदाज चुकला.
गंजलो.
इलियास दम्मामला, डक्टिंगच्या कामावर,
फोनवर आता नुसता हळू बोलतो.
सुकुमार हुपरीत पैंजण तोलतो.
मी प्लायवूड विकतो आणि गिऱ्हाइकानं फळीवर टकटक केलं
की कोणत्या सुरात, ते मनात म्हणतो.

परवा मिरजकर तिकटीला मिरवणूक आडवी आली.
बाइक बंद करून उभा राहिलो.
हलग्यांची रांग, पोरं तेरा-चौदाची.
चार, पाच, सहा
आणि सगळी टिपरी वर.
काही नाही.
मग पुन्हा आठवर, एकदम, छातीत.
पुढच्या फेरीला परत तेच.
नाचणाऱ्यांचे पायसुद्धा तिथं अधांतरी,
म्हातारी बाई गॅलरीतनं तेवढ्यापुरती
टाळी थांबवत होती.

कडेच्या पोराला गाठलं.
‘सातवी का सोडतोस रे?’
त्यानं मला वेड्यासारखं पाहिलं.
‘असंच असतंय ते.’
‘शिकवलं कुणी?’
टिपरूनं त्यानं पुढचा पोरगा दाखवला.
त्या पोरानं त्याच्या पुढचा.
रांग वळणापलीकडं गेली होती.

दिगंबरला फोन लावला, हात उंच करून
हलग्यांकडं धरला, मिनिटभर तरी.
कानाला लावला तेव्हा तो ओरडत होता,
‘कोण बोलतंय? मोठ्यानं बोला,
सेकंड शिफ्टला हाय,
मशीन चालू हाय, काय बी ऐकू येत न्हाई.’