रविवारची यादी

केळीच्या काटापट्टीच्या पाठीवर लिहितेय,
दुसरा कागद हाताशी नाही.
कोपऱ्यात भरताचं तेल लागलंय,
तिथं पेन उठत नाही.
तेवढी जागा सोडून:

फैजपूर, आमोदा, पिंपरूड, तापीचा पूल.
पुलावर दहा मिनिटं. परत.
दिवाळीआधी सगळी यादी
एवढ्या एका ओळीत मावायची.

आता पौष लागलाय.
घडांना चरका बसू नये म्हणून
रात्रभर बागांच्या बांधावर धुरी पेटते,
काडीकचरा, ओला पाला.
तो धूर वर जातच नाही,
धुक्याच्या पोटाशी शिरून
रस्त्यावर आडवा झोपतो.
केळीला ऊब, आम्हाला आंधळेपण.
भांडणार कोणाशी?
निम्म्या बागा आमच्याच घरच्या.

तर पहिलं:
तळहाताच्या रेघा दिसल्याशिवाय निघायचं नाही.
घड्याळ काहीही म्हणो.
रुबाब तडवी विचारतो, ताई,
माझ्या रेघा ग्रीसनं बुजल्या, मी कधी निघू?
त्यानं माझा हात बघावा.

पुढे चुडामण बोंडे.
सगळ्यांत हळू तोच, म्हणून पुढे.
(त्याला हे सांगितलेलं नाही.
म्हटलं, तुला खड्डे पाठ आहेत. तेही खरंच.)
मध्ये कॉलेजची पोरं, ज्यांना थंडी म्हणजे
शर्यतीचं निमित्त वाटतं.
शेवटी मी, गळ्यात शिट्टी.
खड्डा आला तर ओरडायचं,
हात सोडून दाखवायचा नाही;
बधिर बोटांना ब्रेक वेळेवर सापडत नाही.
एक शिट्टी: मागून ट्रक.
दोन शिट्ट्या: कापसाची ट्रॉली,
रस्त्याहून रुंद, दोर लोंबत,
मागे एक दिवा असेल तर नशीब.
ऐकलं की कडेला. वाद नंतर, चहाला.

मागच्या रविवारी यातलं काही लिहिलेलं नव्हतं.
साडेपाचला निघालो, भर अंधारात.
आमोदा सुटल्यावर धूर इतका
की पुढचा लाल ठिपका म्हणजे माणूस,
एवढंच कळत होतं.
मी ठिपके मोजत होते.
आठ. आठ. आठ.
सात.

छातीत काय झालं ते लिहायला
या पट्टीवर जागा नाही.
शिट्टी मारून थांबवलं सगळ्यांना,
बाभळीच्या काट्यांत, कडेला.
नावं घेतली. आठही जणांनी ओ दिली.
आणि मग
नववं कुणीतरी खोकलं.

फाट्यावरच्या जिनिंगचा रखवालदार,
रात्रपाळी सुटलेला.
डोक्यावरून कांबळं, हँडलला डबा,
सायकलला ना दिवा ना घंटी.
म्हणाला, तुमचा उजेड चालला व्हता,
म्या घुसलो त्याच्यात.
त्याचंच कांबळं एका दिव्याच्या आड आलं होतं.
मी रागावणार होते. तोंड उघडलं,
नुसती वाफ निघाली.

पिंपरुडाला तो वळला.
नाव विचारायचं राहिलं.

आणि आता हे वर लिहिलेलं वाचतेय:
रेघा दिसल्याशिवाय निघायचं नाही.
म्हणजे आम्ही निघू तेव्हा
तो केव्हाच त्या धुरातून गेलेला असणार,
एकटा, काळ्या कांबळ्यासकट.
नियम बरोबर आहे. खोडणार नाही.
पण आमचा रविवार आठवड्यातून एकदा येतो,
त्याची पहाट रोज.

पाळी आठला लागते. आता सव्वासात.
जादा लाल दिवा: घेतला.
नवे सेल: घेतले.
सुतळी, कारण त्या सायकलला
स्क्रू धरेल असं काही उरलं नसणार.
स्कूटीची चावी फळीवर.

यादी अर्धी आहे. पंक्चरचं सामान
कोण आणणार ते ठरायचंय,
चहा कुठे तेही.
आल्यावर लिहीन.
तेलाच्या डागाशेजारी थोडी जागा आहे,
तिथं नवव्याचं नाव,
विचारून.